भस्म ओढलेली कढई

श्रावण लागला की आमच्या घरात बटाट्याची वट वाढते. महादेवी, म्हणजे माझी बायको, रविवारी संध्याकाळीच बटाटे निवडून परडीत काढून ठेवते, शेंदेलोण कुटून बरणीत भरते आणि कांद्याची टोपली उचलून माळ्यावर टाकते. सोमवारी दुपारी आमची नात कॉलेजातून येताना कागदी खोक्यातून फ्रेंच फ्राइज घेऊन येते. "आजोबा, उपासाला चालतात ना हो?" असं विचारते आणि माझं उत्तर यायच्या आत दोन तोंडात टाकते. मग खोकं माझ्यापुढं सरकवते. "सांगा कशा आहेत. बाबा म्हणतात, तुम्हाला यातलं सगळं कळतं."

कळतं की. न कळायला काय झालं? खोक्यात नुसतं बघितलं तरी मला दिसतं, की या महिन्यापूर्वी कुठल्यातरी कारखान्यात कापल्यात, गोठवल्यात, एकाच मापाच्या सगळ्या, आणि तेल तर तिसऱ्या दिवसाचं आहे. पण मी काही बोलत नाही. खोकं तिच्याकडं परत सरकवतो. पन्नास वर्षं होत आली, मी कुठल्याही चिप्सला बरं म्हटलेलं नाही की वाईट म्हटलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून महादेवी हे सगळं बघते आणि परत आत जाते. ती या विषयावर बोलत नाही. आमच्या संसारात न बोलायच्या गोष्टी तशा थोड्याच आहेत, त्यातली ही सगळ्यात जुनी.

तेव्हा आम्ही त्यांना फिंगर चिप्स म्हणायचो. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. लोक पुन्हा हॉटेलात जाऊन बसू लागले होते. शुक्रवार पेठेत आमचं तेलाचं दुकान, आणि चार घरं सोडून कोपऱ्यावर काशिनाथअण्णांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे काय, सहा टेबलं, बायकांसाठी पडदा लावलेली एक खोली आणि मागं अंगण. त्यांच्याकडं तेल आमच्याच दुकानातून जायचं. त्यामुळं तिथं गेलं की मला बसायला सांगावं लागत नसे. मी पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला, आणि स्वतःला लई शहाणा समजणारा गडी होतो. हे आज म्हणतोय. तेव्हा मला कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

त्या श्रावणाच्या तोंडावर काशिनाथअण्णांनी नवा आचारी ठेवला. इरण्णा त्याचं नाव. वळसंगचा, पस्तिशीचा, उंच आणि वाकलेला. कुर्डुवाडीला रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात तो बरीच वर्षं हाताखाली होता, आणि तिथं फिंगर चिप्स करायला शिकला होता. सोलापुरात तेव्हा ही चीज लोकांनी नुसती ऐकलेली. काशिनाथअण्णांच्या डोक्यात आलं की श्रावणी सोमवारी पेठेतलं घर न् घर उपाशी असतं, साबुदाण्याला लोक कंटाळलेत, तर बटाट्याच्या या चिप्स उपासाच्या म्हणून का विकू नयेत? इरण्णाला ते म्हणाले, "हे चार सोमवार नीट पार पडू दे. मागची खोली तुला देतो. बायकापोरं घेऊन ये." ही खोली अंगणाच्या कडेला होती, लाकडं ठेवायची. इरण्णानं लाकडं एका कोपऱ्यात रचली आणि पहिल्या सोमवारच्या आधीच स्वतःच्या हातानं भिंतींना चुना मारला. मला बोलावून दाखवली त्यानं ती खोली. "चूल हितं," म्हणाला, "आन् पोरांचं अंथरून तितं." खोली इतकी लहान होती की हितं आणि तितं यात दोन पावलांचं अंतर होतं.

उपास करणाऱ्या माणसाला हॉटेलचं खाणं म्हणजे धास्तीच. ज्या झाऱ्यानं कांदाभजी उपसली तोच झारा बटाट्याला लागला तर उपास गेला. म्हणून इरण्णानं उपासाचा सगळा कारभार मागच्या अंगणात हलवला. वेगळी चूल, वेगळी कढई, वेगळा झारा. थाळ्यासुद्धा हॉटेलच्या नाहीत, पळसाचे द्रोण. दर सोमवारी पहाटे तो कढई राखेनं घासायचा, पुसायचा, आणि तिच्या पोटावर बाहेरून तीन बोटांनी भस्माचे तीन पट्टे ओढायचा. पट्टे ओढले की हॉटेलातल्या कुणालाही त्या चुलीपाशी यायची बंदी. खुद्द काशिनाथअण्णा एकदा हातात भज्याची बशी घेऊन दारात आले तर त्यांना म्हणाला, "मालक, मागं सरा." आणि ते सरले.

आता गंमत अशी, की हा माणूस स्वतः कडक उपास करणारा. सोमवारी संध्याकाळी पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. म्हणजे ज्या चिप्ससाठी त्याला ठेवला होता त्या त्याला चाखता येत नव्हत्या. रंग बघून आणि कढईचा आवाज ऐकून तो तळायचा. चाखायला कुणीतरी हवं होतं. काशिनाथअण्णा म्हणाले, "आपला बसू आहे की. आप्पांचं पोरगं. तेलातलं त्याला कळतं, त्यानं बरं म्हटलं की पेठ डोळे मिटून खाईल."

बसू म्हणजे मी.

आमचे आप्पा तेल नुसत्या वासानं ओळखायचे. रीत ठरलेली. आधी हात धुवायचा, मग स्वच्छ फडक्यानं पुसायचा, डाव्या तळहातावर तेलाचा एक थेंब घ्यायचा, उजव्या अंगठ्यानं तो ऊब येईपर्यंत चोळायचा, आणि मग ओंजळ करून नाकाशी न्यायची. शेंगदाणा नवा की जुना, करडईची भेसळ आहे का, डब्यात आधी काय होतं, सगळं सांगायचे. मला त्यांनी हे शिकवलं होतं, आणि मला ते येत होतं, हे खोटं नाही.

पहिल्या सोमवारी चार वाजता मी अंगणात गेलो. हात धुतले, तेल बघितलं, आणि मग द्रोणातली एक चिप उचलली. तिचं एक टोक धरून आडवी धरली. वाकली नाही. मोडली, तर काडी मोडल्यागत बारीक आवाज आला आणि आतून पांढरी भुसभुशीत निघाली. कागदावर ठेवली तर तेलाचा डाग रुपयाएवढाही उठला नाही. इरण्णा माझ्या तोंडाकडं बघत होता. "सांगा की, धाकलं मालक. कशा झाल्यात?"

"मीठ जरा आधी टाक," मी म्हणालो. "गरम असतानाच टाक. गार झाल्यावर चिकटत नाही."

त्यानं मान हलवली. मी चांगल्या झाल्यात असं म्हणालोच नाही, हे मला घरी आल्यावर आठवलं. पण जाणकार माणसानं एकदम चांगलं म्हणू नये असं मला तेव्हा वाटायचं. हे कुठून शिकलो देव जाणे.

दुसऱ्या सोमवारी दुपारभर भुरभुर होती आणि चिप्स मऊ पडल्या. मी दहा माणसांदेखत एक चिप उचलून हवेत धरली. ती लुळी पडली. लोक हसले. इरण्णा हसला नाही. त्या रात्री त्यानं काय केलं ते मला नंतर कळलं. बटाटे कापून चार पाण्यांतून त्यांची खळ धुऊन काढायची, पंच्यावर पसरून कोरडे करायचे, मंद आचेवर एकदा तळून काढून ठेवायचे, आणि गिऱ्हाईक आलं की मग कडक तेलात दुसऱ्यांदा सोडायचे. क्लबात दोनदाच तळायचे म्हणे, पण इथं लाकूड जास्त जळेल म्हणून त्यानं तो प्रकार सोडून दिला होता. लोकांच्या त्या एका हसण्यानं तो परत धरला.

तिसरा सोमवार. काय सांगू. पन्नास वर्षांत तसल्या चिप्स मी खाल्ल्या नाहीत. बाहेरून करकरीत, आतून लोण्यासारख्या, शेंदेलोण आणि जिऱ्याची भरड वरून अंगभर लागलेली. मी डोळे मिटून खाल्ल्या. डोळे उघडले तर अंगणात तीस-चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. पडद्याच्या खोलीतून बायका डोकावत होत्या. त्यांत महादेवीही होती. मी बोट वर केलं, आणि लोक द्रोणांवर तुटून पडले. खोटं कशाला बोलू, चिप्सपेक्षा मला त्या बोटाचीच चव जास्त लागली. त्या दिवशी एक गोष्ट मी केली नव्हती आणि ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती. तेल बघण्याआधी मी हात धुतले नव्हते. लोक वाट बघत होते, मोरीपर्यंत जा, ये, कोण करणार? खिशातला रुमाल झटकून काढला आणि ऐटीत तळहात पुसला. तेवढं छान दिसायचं.

इरण्णानं त्या संध्याकाळी वळसंगला निरोप धाडला. चवथा सोमवार झाला की मंगळवारी पोरांना घेऊन ये.

चवथ्या सोमवारी सकाळी आप्पांनी मला कुर्डुवाडीला पाठवलं. लातूरकडून छोट्या रुळांच्या गाडीनं आलेले आमचे तेलाचे डबे तिथं मालधक्क्यावर अडकून पडले होते. ते मोठ्या रुळांच्या गाडीवर चढवून द्यायचे होते. काम तासाभराचं, पण बाबू लोकांनी दुपार केली. परतीची गाडी उशिरा. मी फलाटावर बसलो होतो, सकाळपासून पोटात काही नाही, आणि समोर एका गाड्यावर कांदाभजीचा घाणा निघत होता.

मी खाल्ली. आम्ही लिंगायत; श्रावणी सोमवारी, गळ्यात इष्टलिंग असताना, मी कांदाभजी खाल्ली. वर चिरलेला कच्चा कांदा मागून घेतला. कागद डाव्या तळहातावर धरून उभ्या उभ्या खाल्ली, आणि फार चांगली लागली. कुर्डुवाडीत मला कोण ओळखतंय? तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. नळावर ही गर्दी. मी रुमालाला हात पुसले, रुमाल खिशात कोंबला आणि पळत जाऊन गाडीचा डबा धरला.

सोलापूरला उतरलो ते टांगा करून थेट हॉटेलात. पाच वाजले होते, लोक खोळंबले होते. त्या दिवशी आप्पासुद्धा आले होते, पोराचा मान बघायला. पुढं गल्ल्याशी काशिनाथअण्णांजवळ बसले होते. मी तसाच मागं अंगणात गेलो. इरण्णानं पळीत तेल घेऊन निवू दिलं. मी रुमाल काढला, झटकला, तळहात पुसला, थेंब घेतला, चोळला आणि ओंजळ नाकाशी नेली.

कांदा.

क्षणभर माझा विश्वास बसला नाही. मी परत हुंगलं. गरम तेलावर वास उसळून वर आला होता, स्वच्छ, चुकायची सोयच नाही. आता कुणी म्हणेल, अरे शहाण्या, तीन तासांपूर्वी तू काय खाल्लं होतंस ते आठवलं नाही का तुला? नाही आठवलं. देवाशप्पथ नाही आठवलं. परीक्षा घेणाऱ्या माणसाला आपणही काही केलंय हे त्या घडीला आठवतच नाही. मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तेलाला कांद्याचा वास आहे."

 मग एक आक्का उठून मोरीत थुंकू लागल्या. द्रोण खाली टाकल्याचे आवाज आले. कुणीतरी म्हणालं, गेल्या तीन सोमवारीही असंच असणार. सगळा श्रावण बाटवला. पुढून काशिनाथअण्णा आणि आप्पा धावत आले.

इरण्णा चुलीपाशी उभा होता. त्यानं सदऱ्यावरून छातीवर हात ठेवला, लिंग असतं तिथं. "लिंगाची आन हाय. म्या आज कांद्याला शिवल्यालो न्हाय."

"मग वास काय आकाशातून पडला?" मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग माझ्या हाताकडं बघितलं. मग आप्पांकडं बघितलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "धाकलं मालक, एकदा हात धुवून या, आन् परत बघा की."

माझं डोकं फिरलं. चाळीस माणसांत, आप्पांसमोर, हा आचारी मला हात धुवायला सांगतो. "माझ्या हाताला काय झालंय?" मी ओरडलो. "चोर तो चोर, वर माझीच परीक्षा घेतोस?"

त्यानं झारा खाली ठेवला.  काशिनाथअण्णांनी दोन फडक्यांनी कढई धरली, मागच्या दारानं बाहेर नेली आणि लोकांदेखत गटारीत पालथी केली. तेल चर्र करत गेलं. कढई पालथीच पडली होती आणि तिच्या पोटावरचे तीन पट्टे तसेच होते. इरण्णानं खोलीतून आपली पिशवी घेतली आणि मधल्या गर्दीतून वाट काढत निघून गेला. कुणी त्याला मारलं नाही. लोक नुसते मागं सरले, त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. जाताना आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाक माझंच घेतलंस," म्हणाले.

घरी आलो. आंघोळ केली. आप्पांनंतर मी पूजेला बसलो. आमच्यात गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, तळहात डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यावर नजर लावून बसायचं. मी तळहात वर धरला. आणि मला वास आला. अगदी बारीक. आधी वाटलं, हॉटेलातल्या तेलाचाच राहिलाय. मग कुर्डुवाडीचा फलाट आठवला. कागद आठवला. शिट्टी आठवली. रुमाल आठवला. लिंग हातावर होतं म्हणून उठता येत नव्हतं. तसाच बसून राहिलो. आप्पा म्हणाले, "आज बराच वेळ ध्यान लागलं."

उठून आत गेलो तर महादेवी माझा सदरा धुवायला घेत होती. खिशातला रुमाल तिच्या हातात होता. तिनं तो नाकापासून जरा लांब धरला होता. संध्याकाळी हॉटेलात तीही होती, पडद्यामागं. लग्नाला तीन महिने झाले होते आमच्या.

"कांदा खाल्लात?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. व्हय म्हणून.

तिनं रुमाल बादलीत टाकला. "मग आत्ता जावा आन् सांगून या," म्हणाली. अक्कलकोटकडच्या तिच्या मराठीत हे शब्द फार साधे वाटले. जावा आन् सांगून या. चार घरं सोडून हॉटेल होतं. काशिनाथअण्णा अजून जागेच असतील, इरण्णा अजून एस.टी. स्टँडवरच असेल. मी म्हणालो, "उद्या सांगतो." ती बादलीवर वाकली आणि रुमाल धुवू लागली. कितीतरी वेळ धूत होती.

मंगळवारी मी खरंच गेलो हॉटेलात. शब्द पाठ करून गेलो होतो. काशिनाथअण्णांनी मला बघितलं आणि उठून उभे राहिले. "बरं झालं बाबा तू होतास," म्हणाले, "नाहीतर माझं हॉटेल बुडालं होतं." स्वतःच्या हातानं चहा आणून ठेवला. मी तो चहा पिऊ लागलो. त्याच वेळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात पत्र्याची पेटी, दोन पोरं, धाकट्याच्या डोक्यावर गाठोडं. "इरण्णा हितंच असत्यात न्हवं?" तिनं विचारलं. निरोप आधी पोचला होता आणि माणूस वाटेत कुठंतरी चुकला होता. काशिनाथअण्णा म्हणाले, "इथं तसलं कुणी नाही." बाई थोडा वेळ मागच्या अंगणाकडं बघत राहिली. चुना मारलेली भिंत तिला तिथून दिसत असणार. मी कपातला उरलेला घोट संपवला.

हे लिहिताना हात थांबतोय. पण आजवर लपवलं तेवढं पुरे झालं.

भादव्यात मी वळसंगला गेलो होतो एकदा, घरी न सांगता. स्टँडवर उतरलो. हातात बत्ताशाचा पुडा होता, का घेतला होता ते आठवत नाही, माफी मागायला जाताना काय न्यावं हे कुणी शिकवलेलं नसतं. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "इरण्णाचं घर कुठं आलं?"

"कंचा इरण्णा?" तो म्हणाला. "उपासाच्या लोकान्ला कांदा चारला, त्यो व्हय?"

माझं थोबाड बघण्यासारखं झालं असेल. म्हातारा सांगत राहिला. गावच्या जत्रेत इरण्णाच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या प्रसादाचा स्वयंपाक करायचे, वडलांमागं तो करायचा. या वर्षी गावानं दुसरा माणूस बघितला. "भट्टीला त्येला कोन शिवू देनार आता? गेला कुटंतरी पोट भरायला." मी ज्या एस.टी.नं आलो होतो ती परत फिरून उभीच होती. त्याच गाडीत बसलो. बत्तासे पारावरच राहिले.

माणूस स्वतःला किती सवलती देतो ते मी स्वतःवरून सांगतो. आधी म्हणालो, आप्पांची तब्येत बरी नाही, आत्ता हे नको. मग म्हणालो, आता सांगून काय उपयोग, माणूसच इथं नाही. मग आप्पा गेले. जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सोमवारची गोष्ट सांगायचे, पोराचं नाक म्हणून. मी तिथंच बसलेला असायचो. मग काशिनाथअण्णा गेले. हॉटेलच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. मागची खोली त्यांचं गोदाम आहे. मध्ये एकदा काहीतरी घ्यायचं निमित्त करून आत डोकावलो. चुन्यावर दहा रंग चढलेत, पण खोली तेवढीच आहे. दोन पावलांची.

इरण्णा मला भेटला तो आप्पा, काशिनाथअण्णा असतानाच, वळसंगच्या त्या फेरीनंतर दोन वर्षांनी. पुन्हा श्रावण, पुन्हा सोमवार, आणि जागा कुर्डुवाडीचा तोच फलाट. मी डब्यांच्याच कामाला गेलो होतो. त्या प्रकारानंतर मी उपास इतका कडक धरला होता की घरचे हसायचे, पाणीसुद्धा घेत नसे. गाडीला अवकाश होता. भज्यांचा तो गाडा जागेवर होता, फक्त कढईपुढचा माणूस बदलला होता. उंच, वाकलेला. मान तिरकी करून तेलाचा आवाज ऐकत होता. गिऱ्हाईक एकामागून एक कागद पुढं करत होतं आणि तो कांदाभजी उपसून देत होता. त्याच्या कपाळावर सकाळचे भस्माचे पट्टे होते. म्हणजे अजून उपास करत होता. कढईवर काही ओढलेलं नव्हतं.

मी जाऊन उभा राहिलो. त्यानं ओळखलं. झारा कडेला ठेवला.

"धाकलं मालक," म्हणाला. "बरं हाय न्हवं सगळं?"

"इरण्णा," मी म्हणालो, "त्या दिवशी वास माझ्याच हाताला होता. इथलीच भजी खाऊन आलो होतो मी. रुमालाला पुसले होते हात." दोन वर्षं पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एवढंच तोंडातून आलं.

 कढईतली भजी करपू लागली तशी ती त्यानं उपसून घेतली. मग म्हणाला, "ठावं हाय की. तुमी रुमाल काढला तवाच मला वास आला हुता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो की," तो म्हणाला. "हात धुवून या म्हनलो की."

"सगळ्यांसमोर सांगायचं होतंस, हा कांदा खाऊन आलाय म्हणून."

त्यानं मान हलवली. "तुमचं आप्पा हुते म्होरं. बापाम्होरं पोराचा उपास कसा मोडू?" मग म्हणाला, "मला वाटलं, घरी गेल्याव तुमच्या ध्यानात यील. स्टँडवर बसलो हुतो मी रातच्या गाडीपत्तोर. म्हनलं, कुनीतरी बोलवाय यील."

 त्या रात्री महादेवी मला जावा म्हणाली होती, हे त्याला कसं सांगणार? मी विचारलं, "बायकापोरं?" तर म्हणाला, हितंच हायती. जास्त काही म्हणाला नाही. गाडीची घंटा झाली. लोक सामान उचलू लागले. मी म्हणालो, आपण सोलापूरला जाऊ, मी काशिनाथअण्णांना सांगतो, पेठेत सांगतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यातच मला दिसलं की मी सांगणार नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याचं बरोबर होतं. मी नाही सांगितलं.

त्यानं गाड्याखालून पाण्यानं भरलेला लोटा काढला.

"आज सोमवार हाय," म्हणाला. "हितं गाड्यापाशी उबं ऱ्हायलं तरी वास लागतोय. हात धुवून जावा."

माझे हात कोरडे आणि स्वच्छ होते. सकाळपासून मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मी ते हात पुढं केले. त्यानं वरून पाणी घातलं, आणि मी ते चोळून चोळून धुतले.